आक्कांना डॉल्फिन दिसला नाही

“आणि समजा, डोळे मिटल्यावर उद्या येणाऱ्या त्या बाईला नुसता अंधारच दिसला तर?” आक्कांनी विचारलं.

“सुरुवातीला तसंच होतं, आक्का,” त्यांचा शिष्य वामन म्हणाला. “मग हळूहळू प्रकाश दिसायला लागतो.”

“कसा असतो रे?”

“निळसर. मधोमध शुभ्र. ज्योतीसारखा, पण न हलणारा.”

“बरं...” आक्का म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

समुद्रावरच्या टेकडीवर आक्कांचा लहानसा मठ होता. नव्या माणसांना ध्यानाला बसवायचं काम दुसऱ्या दिवसापासून वामनकडे यायचं होतं. पहिलीच एक बाई येणार होती. नवरा गेल्यापासून ती धड झोपलेली नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, वामनबुवांसमोर बस, तुला उजेड दिसेल.

आता स्पष्टच सांगायचं तर, वामनला स्वतःला काहीही दिसत नव्हतं.

मठात आला त्या पहिल्याच संध्याकाळी, ध्यान संपल्यावर शेजारचा म्हणाला, मला प्रकाश दिसला. त्याच्या पलीकडचा म्हणाला, मलाही. वामनची पाळी आली. तोही म्हणाला, दिसला. मागे राहायचं नव्हतं, एवढंच. पण नुसतं दिसला म्हणून भागतंय होय? मग रंग आला. मग ज्योत आली. मग लोक त्याला बुवा म्हणून पाया पडायला लागले.

आणि आता ती बाई येणार होती. त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“आक्का, उद्यासाठी मला काहीतरी सांगा.”

“सांगते. आधी मला डॉल्फिन बघायचाय.”

“काय?”

“खालून होड्या नेतात ना बघायला? चल, ऊठ.”

वामन भगव्या कफनीवर नारिंगी जाकीट चढवून होडीत बसला. कुणी ओळखीचं बघत नाही ना, हीच त्याला धास्ती. आक्कांनी मात्र नऊवारीवर जाकीट घालून पट्टे स्वतः आवळून घेतले. समोरच्या फळीवर इचलकरंजीचे एक गृहस्थ, त्यांची बायको आणि मेहुणी.

किनारा बराच मागे पडला तेव्हा होडीवाल्या दाऊदभाईंनी इंजिन बंद केलं. पुढ्यात पांढरी पाखरं पाण्यावर झेपा टाकत होती.

“पाखरं उतरताहेत म्हणजे खाली मासळी आहे,” दाऊदभाई म्हणाले. “तोपण येईल तिच्यामागं. नजर ठेवा.”

सगळ्यांनी नजर ठेवली. पाणी... नुसतं पाणी.

“त्यो बघा!” गृहस्थ ओरडले.

“कुठं? कुठं?... अगं बाई, केवढा!” बायको म्हणाली.

“मला शेपूट दिसली!” मेहुणी म्हणाली.

होडी एका अंगाला कलली. “बसून घ्या, बसून घ्या!” दाऊदभाई खेकसले.

“दिसला का, महाराज?” गृहस्थांनी वामनला विचारलं.

“हो. दिसला.”

“मला नाही दिसला,” आक्का म्हणाल्या.

होडीभर हळहळ. अरेरे, आजींचा हुकला!

“वामना, तू दाखव की. कुठे होता?”

वामनने हात लांब करून बोट दाखवलं. “तिकडे. त्या फेसाच्या पलीकडे.”

आक्कांनी त्याचं मनगट धरलं. त्याच्या दंडाला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि बोटाच्या रेषेत बघायला लागल्या. बघतच राहिल्या.

“कसा होता?”

“करडा... पाठ चमकत होती.”

“अस्सं...”

त्या मनगट सोडेनात. वामनचा हात भरून आला. मग कोपरातून वाकायला लागला. खाली घेता येईना.

मेहुणीला ते बघवेना. “आजी, खरं सांगू? मला पण न्हाई दिसला. ताई म्हणाली म्हणून मी म्हटलं.”

“मी व्हय?” ताई म्हणाली. “मी ह्यांच्यामागनं म्हटलं!”

गृहस्थांनी डोकं खाजवलं. “मी वरडलो खरा... पर ती लाटच असावी. तुम्ही सगळी व्हय म्हणाला, मग मला बी वाटलं, असंल डॉल्फिन.”

मग मेहुणी फिसकन हसली, आणि तिच्यामागोमाग सगळी होडी. दाऊदभाई तर वल्ह्यावर डोकं टेकून हसले.

एकटा वामन हसला नाही.

“आक्का... मला नाही दिसला.”

“डॉल्फिन?”

“प्रकाश. कधीच नाही.”

आक्कांनी त्याचं मनगट सोडलं. हात मांडीवर येऊन पडला.

“तुम्हाला तरी दिसतो ना, आक्का?”

“मी कधी म्हटलं होतं?”

वामनने आठवून पाहिलं. मठात सगळे म्हणाले होते. आक्का कधीच म्हणाल्या नव्हत्या.

आधी त्याचा श्वास सुटला, मग डोळे वाहायला लागले, आणि मग तो असा हसला की कफनीच्या बाहीने त्याला नाक पुसावं लागलं.

गृहस्थांच्या बायकोला त्यातलं काही कळलं नाही. पण माणसाला भूक लागल्याचं कळतं. तिने पिशवी सोडली. “महाराज, भडंग खाता का?”

वामनने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. बकाबका खाल्लं. तोंडात घास असतानाच म्हणाला, “आक्का, उद्या ती बाई येईल...”

“येईल.”

“तिला सांगतो, मलाही अंधारच दिसतो.”

“मग ती उठून गेली तर?”

“जाईल... नाहीतर बसेल. मग दोघं बसू.”

आक्का पाण्याकडे बघत होत्या.

दाऊदभाईंनी डोळे पुसले आणि इंजिनाच्या दोरीला हात घातला. “आज काही दिसायची लक्षणं नाहीत, आजी. फिरवतो माघारी.”

“थांबा हो जरा,” आक्का म्हणाल्या. “हा आत्ताच होडीत बसलाय.”