काहिलीतली गोड पाहुणी

किरवली गावात पांडबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं ऐकायचं, ऐकलेलं करायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याची बायको हौसा बेकरी चालवायची. पांडबा तिला मदत करायचा. मदत झाली की हौसाचं काम वाढायचं.

हौसाचा भाऊ जयवंत ऑस्ट्रेलियात होता. तिथल्याच एमाशी त्याचं लग्न ठरलं होतं. लग्न किरवलीत व्हावं अशी त्याची फार इच्छा, पण एमाच्या आईचं, मार्गारेटबाईंचं मन होत नव्हतं. परक्या गावात कसं निभेल, अशी त्यांना धास्ती. म्हणून जयवंत त्यांना आधी गाव दाखवायला आणणार होता. त्याने पुढे एक खोकं पाठवलं. त्यात तिकडच्या रानातली आंबट लाल सुकी फळं, लिंबाचा वास येणारी पानं आणि आपल्या बाभळीच्या जातीतल्या झाडाचं भाजून दळलेलं बी होतं. याची मध घालून बिस्किटं कर, बाईंना घरची चव लागू दे, असं त्याने हौसाला फोनवर सांगितलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी हौसाने पांडबाला फळं पाण्यात टाकायला सांगितली. पांडबा अंगणात गेला आणि पुडा हौदात उपडा करून आला. फळं तरंगली म्हणून वाचली. हौसाने ती चाळणीने काढली.

"अहो, कोरडी वस्तू वाटीत भिजवायची," ती म्हणाली.

पांडबाने ते पक्कं ध्यानात ठेवलं. मग हौसाने त्याला भट्टी पेटवायला सांगितली. त्याने काडेपेटी हातात घेतली. चांगली कोरडी होती. त्याने सगळ्या काड्या वाटीत भिजत घातल्या आणि फुगायची वाट बघत बसला.

हौसाने कपाळाला हात लावला. शेजारून विस्तव आणला, भट्टी पेटवली. ओली वस्तू उन्हात पसरायची असते, एवढं तरी लक्षात ठेवा, असं त्याला बजावलं.

पांडबाने तेही लक्षात ठेवलं. तेवढ्यात तिने मधाची बरणी मागितली. पांडबाने झाकण उघडून बोट घातलं. मध ओला होता. त्याने अंगणात धुतलेली चादर अंथरली आणि पापड घालावेत तशा मायेने त्यावर मध पसरला. आळीतल्या मुंग्या आल्या, मग वरच्या आळीतल्या आल्या.

बरणीच्या तळाशी थोडा मध राहिला होता, त्यावर हौसाने भागवलं. ती रागावली नाही. रागवायला तिला वेळच नव्हता.

"अहो, गोड असेल ते परातीत पाणी घालून त्यात ठेवावं. म्हणजे मुंग्या चढत नाहीत."

पांडबाला हे फार पटलं.

दुसऱ्या दिवशी जयवंत पाहुण्या बाईंना घेऊन आला. बाई बुजल्यासारख्या उभ्या होत्या. जयवंत म्हणाला, "दाजी, यांना नीट बसवा. फार गोड आहेत हो." आणि तो सामान उतरवायला गेला.

पांडबा विचारात पडला. एवढ्या मोठ्या बाईंना परात कशी पुरणार? त्याने गुऱ्हाळातली गूळ आटवायची मोठी काहील ओढत आणली, पाण्याने भरली, मधोमध खुर्ची मांडली आणि हात जोडून बाईंना खूण केली. बाईंना वाटलं, इथली रीत असेल. त्यांनी बूट काढले, झगा सावरला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन बसल्या. उन्हातून आल्या होत्या. त्यांना बरं वाटलं.

हौसा बिस्किटांची ताटली घेऊन बाहेर आली आणि दारातच थिजली. जयवंतच्या हातातली बॅग गळून पडली. आता लग्न मोडलंच, असं दोघांच्याही मनात आलं.

बाईंनी ताटलीतलं बिस्कीट उचललं, चावलं आणि डोळे मिटले. त्यांचे डोळे भरून आले. माझ्या आईच्या घराचा वास आहे हा, असं त्या जयवंतला म्हणाल्या. शिवाय पाहुण्याचे पाय असे गार पाण्यात ठेवणारं गाव त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. लग्न इथेच होईल, त्यांनी सांगून टाकलं.

मग पांडबाकडे बघून त्या काहीतरी बोलल्या. काय म्हणाल्या, असं पांडबाने विचारलं.

"दाजी, बाई म्हणतात, तुम्हीही फार गोड आहात."

पांडबाने अंगणातल्या मुंग्यांकडे एकदा पाहिलं. धोतर वर खोचलं, आणि मुकाट्याने बाईंच्या शेजारी काहिलीत जाऊन बसला.