ठकूचा दोरा

दोऱ्याच्या आत तेवढं जग, बाहेर काहीच नाही. आणि असं का, हे विचारायचं नाही. सूतखिंडीत मुलींना धड बोलायला यायच्या आधी हा नियम शिकवत.

पणजीच्या पणजीनेही ही गोष्ट ऐकीवच सांगितली. तापाची साथ आली, की गाव सुताने बांधायचं, टोकं जुळवून गाठ मारायची. मग साथ उतरेपर्यंत बाहेरच्याला पाणीसुद्धा द्यायचं नाही. जे नाहीच, त्याला पाणी कसलं?

सूत कातायची कोष्ट्यांची ठकू. एका वर्षी साथ आली, तेव्हा तिची थोरली बहीण नागू तान्ह्याला घेऊन माहेरी यायला निघाली आणि ओढ्यापलीकडेच कोसळली. अंग तापाने फणफणलेलं.

गाव बांधायला ठकू दोरा सोडत निघाली. वेशीपाशी वळायचं, तर ही सरळ ओढ्यात उतरली.

"अगं ए भवाने, वळ!" तात्या पाटील ओरडले. "जग इथंच संपतं!"

"मग तात्या, पलीकडं रडतंय कोण?"

तिने नागूला पाणी पाजलं, तिच्यामागून दोरा घेतला. वळणार, तोच पुढे धनगरांची पालं दिसली. ती आत घेतली, तर त्यापुढे रान. रानात हरणं, हरणांमागे लांडगेही. असं म्हणतात, चातीवरचं सूत संपेना. डोंगर आत आले, समुद्र आला. तिने सूर्याला वळसा घातला, ताऱ्यांमागून दोरा नेला. दर वेळी वाटे, झालं सगळं. आणि पाहावं, तर पलीकडे आणखी काही असेच.

सातव्या दिवशी ती परतली. नागूचा ताप उतरला होता, बाळ अंगावर पीत होतं. लोकांनी दोन्ही टोकं तिच्यापुढे धरली.

तात्या म्हणाले, "ठकूबाई, आता तर सगळं आत आलं. मार गाठ."

"सगळं? आणि दोरा ओढताना मी कुठं उभी होते, तात्या? ओढणारी बाहेरच राहते की! नाही मारणार."

ठकू पुढे कुठे गेली, कोणी सांगत नाही. ती अजून चालतेच आहे, असं म्हणतात. पण सूतखिंडीत आजही दर चैत्रात गाव बांधतात आणि टोकं हातभर मोकळी सोडतात. म्हातारे एखाद्या मुलीला पुढे बोलावतात. "झालं सगळं. मार गाठ."

ती ठकूचं नाव घेते आणि म्हणते, "नाही."

मग म्हातारे टोकं तशीच मोकळी सोडून घरी जातात.