विकटोदराचे शेवटचे पान

पूर्वी कृतयुगात, मेघमाल पर्वतावर पाऊल ठेवायलाही वाट नव्हती, तेव्हाची ही हकीकत. आज अंजन-हिरड्यांच्या गर्द छायेतून, जीर्ण मठांच्या दारांवरून वळसे घेत शिखराकडे जाणारा जो घाट पाहून वाटसरू हरखून जातात, तो कोणा स्थपतीने आखलेला नाही. तो एका युद्धाने फोडला. त्या युद्धाचा शेवट सांगताना माझा जीव अजूनही गलबलतो, पण सांगायला बसलो आहे तर सांगितलेच पाहिजे.

त्या अरण्यात विकटोदर नावाचा महाकाय राक्षस राहत असे. घोर तपश्चर्या करून या महाशयांनी ब्रह्मदेवाकडे मागितले काय, तर आपण गिळलेले भक्ष्य पोटात जिवंत आणि ताजे राहावे! पितामहांनी 'तथास्तु' म्हटले आणि पुढे सांगितले, "मात्र ज्या क्षणी तू 'तृप्त झालो' असे मनापासून म्हणशील, त्या क्षणी तुझ्या उदरातले सर्व जीव गेले तसे बाहेर येतील. अतृप्त मेलास, तर तेही तुझ्याबरोबर मरतील." पण हे ऐकायला स्वारी होती कुठे? वर पदरात पडताच तिने अरण्याकडे धूम ठोकली होती. ते उरलेले वचन दिव्यदृष्टीच्या ऋषींना तेवढे कळले. राक्षस मात्र वर्षानुवर्षे गिळत राहिला आणि तरीही भुकेलाच राहिला, कारण त्याला आजवर कोणी प्रेमाने वाढलेच नव्हते.

एके दिवशी त्याने मृगयेला आलेल्या सुदक्ष नावाच्या राजपुत्राला गिळले. सुदक्षाचा थोरला भाऊ म्हणजे पर्वताच्या पायथ्याच्या राज्याचा अधिपती, परशुधर रुक्मबाहू. वडिलांमागे त्यानेच या भावाला अंगाखांद्यावर खेळवून वाढवले होते. वार्ता कळल्यापासून तो अन्नाला शिवला नाही. निघताना आई एवढेच म्हणाली, "त्याला घेऊन ये. तो नसेल तर त्याच्या अस्थी आण. रिकाम्या हातांनी मला तोंड दाखवू नकोस." भाऊ जिवंत असेल ही आशा त्याने केव्हाच सोडली होती, राक्षसाचे पोट फाडून निदान त्या अस्थी तरी आणायच्याच, एवढे एकच त्याच्या मनाने घेतले होते.

सूर्योदयाला पायथ्याशी दोघांची गाठ पडली आणि मग जे तुंबळ युद्ध माजले त्याने दिशा दणाणल्या. विकटोदराने उपटून फेकलेल्या वृक्षांनी राजाचे सारथी, घोडे, रथ यांचा चेंदामेंदा केला. राजाच्या परशूने राक्षसाचा डावा बाहू खांद्यापासून उतरवला आणि त्या रक्ताच्या लोटाने ओढे तांबडे झाले. राक्षस वर पळे, राजा मागे लागे. जिथे त्याने कड्याला धडक दिली तिथे खिंड पडली, जिथे तो वार चुकवून वळला तिथे घाटाचे वळण झाले. राजाच्या तीन फासळ्या मोडल्या, एक डोळा रक्ताने बुजला, तरी तो हटेना. असे लढत लढत दोघे भर दुपारी शमीगर्भ ऋषींच्या आश्रमाशी येऊन ठेपले.

वैश्वदेव आटोपून शमीगर्भ नित्याप्रमाणे अंगणात उभे होते. कोणी भुकेला आहे का, अशी हाक घालावी आणि येईल त्याला देव मानून पानावर बसवावे, असा त्या आश्रमाचा नियम. अतिथीने जेवणाआधी आपोशनाचे पाणी घेतले की त्याचे पान उठेपर्यंत यजमानाने मौन पाळायचे, हाही नियमच.

विकटोदर दारात कोसळत म्हणाला, "मी भुकेला आहे."

ऋषींनी त्याचे रक्ताळलेले पाय धुतले, जखम बांधली, त्याला पाटावर बसवले आणि आपोशन घातले. ऋषिपत्नी ऋतंभरा वाढू लागली.

रुक्मबाहू आत शिरला तेव्हा त्याच्या परशूवरून रक्त ठिबकत होते. "मुनिवर, बाजूला व्हा. या अधमाने माझा भाऊ खाल्ला आहे."

शमीगर्भ बोलले नाहीत. त्यांनी वाटेत उभे राहून हात जोडले, मग राजापुढे पदर पसरावा तसे उपरणे पसरले. राजाला वाटले, म्हाताऱ्याला वेड लागले आहे.

"राजा," ऋतंभरा म्हणाली, "बाहेर सावलीत बस. त्याचे पान उठू दे. मग तो तुझा."

"माझ्या भावाचे जेवण होईपर्यंत हा थांबला होता काय?"

राक्षसाच्या देखत खरे सांगावे, तर तो अर्ध्या पानावरून उठला असता. तिने फक्त भाताचे पातेले उचलले. "अजून थोडा घे," ती राक्षसाला म्हणाली, "पोटभर जेव."

असे त्याला जन्मात कोणी म्हटले नव्हते. त्या अक्राळविक्राळ चेहऱ्यावरून आसवे ओघळली. ते पाहून मात्र राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इकडे सुदक्षाच्या चितेवर ठेवायला हाडेही नाहीत, आणि हा तुपाची धार घालून घेत रडतो आहे! राक्षसाने उरलेला हात पोटावर ठेवला, ऋतंभरेकडे पाहिले आणि तो म्हणाला, "माते, आता मी..."

रुक्मबाहूने शमीगर्भांना ढकलून परशू चालवला. विकटोदराचे शिर भातावर पडले. राजाने दुसऱ्या घावाने ते अवाढव्य पोट उभे चिरले आणि अस्थींसाठी कोपरापर्यंत हात घातला.

हाताला अस्थी लागल्या नाहीत. सुदक्षाचा हात लागला, तोही ऊन. त्याने भावाला ओढून मांडीवर घेतले. सुदक्षाने त्याला ओळखले, "दादा" म्हटले आणि मान टाकली. त्याच्या मागोमाग एका तरुण ब्रह्मचाऱ्याचा देह घसरत बाहेर आला. ऋतंभरेने पातेले खाली ठेवले आणि त्या मुलाचे डोके पदराने पुसू लागली.

आता शमीगर्भ बोलले. "हा आमचा शिष्य आर्जव. समिधा आणायला गेला होता." मग त्यांनी ब्रह्मदेवाचे सगळे वचन राजाला सांगितले.

रुक्मबाहूने परशू ऋतंभरेपुढे ठेवला आणि मान वाकवली. "माते, मला मारा."

"मरण तुला मिळायचे नाही," ऋतंभरा म्हणाली. "त्याच्या ओठांवर आलेला शब्द तू तोडलास. याच वाटेवर राहशील, येईल त्याला वाढशील आणि तो शब्द प्रत्येकाच्या तोंडून ऐकशील. त्याने तुझे कोणी परत येणार नाही."

राजाने सुदक्षाला पायथ्याशी आईकडे पाठवले. स्वतः गेला नाही. घाटाच्या वळणावळणावर त्याने मठ बांधले, चुली पेटवल्या. सांगतात की तो अजूनही त्या मठांतून वाढत फिरतो. कमरेला मळकट धोतर, एक डोळा अधू, तोंडातून शब्द नाही. वाटसरू जेवतो आणि सुखाने म्हणतो, "तृप्त झालो." तेव्हा म्हाताऱ्याचा हात थांबतो. तो पाहुण्याकडे मोठ्या आशेने बघत राहतो. पाहुणा हात धुवायला निघून जातो, आणि राजा खाली वाकून त्याचे उष्टे पान उचलतो.