रंगवलेल्या खोलीची हवा

"मग सांगा बाबा, विष खालून वर येतं की नाही?"

पद्माकर हातातलं यंत्र नाचवत विचारत होता. रंगाची, थिनरची, पेट्रोलची जी वाफ हवेत उडते ना, ती मोजणारं यंत्र. शहरातून खास आणलेलं.

टेकडीच्या पायथ्याशी रंगाचा कारखाना, माथ्यावर सोमगीरबाबांचा मठ. उत्सव झाल्यापासून बाबांचा खोकला हटत नव्हता, आणि या लाडक्या शिष्याचा जीव तिळतिळ तुटत होता. संध्याकाळी गाव मठात जमणार, आणि हा सगळ्यांदेखत आकडा वाचून कारखान्याला उघडं पाडणार!

"कारखान्याच्या फाटकाशी मोजलंस?"

"मोजलं. चाळीस."

"आणि इथं?"

पद्माकरानं ध्यानाच्या खोलीत यंत्र धरलं. आकडा भराभरा चढला… तीनशे!

"बघा! सगळं इथंच येऊन साठतंय!"

बाबांनी त्याच्या हातून यंत्र घेतलं आणि अंगणात चिंचेखाली जाऊन बसले. मठाचं मांजर तिथंच ऐसपैस पसरलं होतं.

आकडा उतरला. वीस.

"बिघडलं वाटतं," पद्माकर म्हणाला.

"मग मांजरही बिघडलंय का रे? उत्सवापासून आत पाऊल टाकत नाही."

पद्माकर हसला… आणि हसू तसंच ओठांवर राहिलं.

उत्सवासाठी ती खोली त्यानंच रंगवली होती. तेलरंगाचे हात, वरून व्हार्निश. आणि कारखान्याचा वास आत नको, म्हणून खिडक्या गच्च लावून फटीफटीत चिंध्या कोंबल्या होत्या.

"बाबा… तुम्ही बोलला का नाहीत?"

"इतक्या मायेनं रंगवलीस. म्हटलं, चार दिवस खोकू."

पद्माकर धावलाच. चिंध्या उपटल्या, खिडक्या सताड उघडल्या. वारा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खेळू लागला. मांजर उठलं, उंबऱ्याशी गेलं, हुंगलं… आणि तिथंच बसलं.

तेवढ्यात पायऱ्यांवर माणसांची कुजबुज ऐकू आली. गाव येत होतं.

"बाबा, फाटकाशी चाळीस आहेतच. ते काही खोटं नाही. आणि आतले हे तीनशे…" पद्माकरानं पायऱ्यांकडे पाहिलं. "आधी कोणता आकडा सांगू?"

बाबांनी उंबऱ्याशी येऊन मांजराच्या पाठीवरून हात फिरवला.

"ज्याच्या खिडक्या तुझ्या हातात आहेत, तो."