कोरा रकाना

आमच्या कोल्हापुरात तालमीतालमीचा फुटबॉल संघ असतो. यंदा आमच्या तालमीने मुलींचा संघ काढला. दहा जणी ठरल्या, जागा उरली एक. निवडीला बसलेले जुने नामांकित फॉरवर्ड रणधीर सासने. समोर दोघी: त्यांचीच लेक ईशानी, बापाच्या हाताखाली शिकलेली; आणि गवंड्याची कस्तुरी, कुंपणाबाहेरून बघून शिकलेली. चाचणीत दोघींचे गोल सारखेच.

सासन्यांनी कस्तुरीचा फॉर्म उचलला. ‘घराण्यातले खेळाडू’ हा रकाना कोरा होता.

"खेळ रक्तात असावा लागतो, पोरी."

दारातून कस्तुरीचा बाप ‘गप बस’ म्हणून खुणावत होता. तरी तिने विचारलंच, "सर, तुम्ही पहिल्यांदा तालमीत आलासा, तवा या रकान्यात कुणाचं नाव हुतं?"

सासन्यांचे वडील भांडी घडवायचे, हे अख्ख्या पेठेला ठाऊक.

"कुणाचंच नव्हतं," कोपऱ्यातून तालमीचे म्हातारे वस्ताद म्हणाले. "ह्याचा फॉर्म मीच भरलेला."

"मग माझाबी कोरा राहू द्या, सर," कस्तुरी म्हणाली. "ईशानीचा तुमच्या नावानं भरला, माझ्या लेकीचा माझ्या नावानं भरंल."