लिंबाजीची री

सातपिंपळी हे नदीकाठचं गाव. तिथल्या राममंदिरात तेव्हा आनंदगीर महाराजांचा मुक्काम होता, आणि रामनवमीचा उत्सव चालू होता. कीर्तनाला उभे राहत हरिहरबुवा. आवाज काय सांगावा! पण बुवांना ताठाही तेवढाच.

बुवांच्या मागे, खांबाआडच्या अंधारात, वर्षानुवर्षं उभा राही लिंबाजी साळी. बुवांनी पद म्हणावं, दम घ्यायला थांबावं, आणि ते लिंबाजीने उचलून धरावं. यालाच री ओढणं म्हणतात. बुवा चारचौघांत म्हणत, “लिंबाजी काय, नुसती माझी री ओढतो. त्याला कुठं अक्कल लागते?” लोक हसत. बिचारा लिंबाजीही हसे.

त्या वर्षी लिंबाजीने तापाने अंथरूण धरलं. महाराज त्याच्या उशाशी जाऊन बसले. नेमका बुवांचाही घसा बसलेला. “त्याच्यावाचून माझं अडतंय की काय!” असं म्हणत बुवा शेवटच्या संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिले.

पहिल्याच पदाला आवाज फाटला. बुवांना दरदरून घाम फुटला. आता सगळ्या गावासमोर शोभा होणार! तोच मागून लिंबाजीच्या आवाजात पद उचललं गेलं. अहाहा, काय तो सूर! बुवांच्या जिवात जीव आला. उठून आला वाटतं, असं मनात आलं. पण मागे वळून काही त्यांनी पाहिलं नाही. कीर्तन असं रंगलं, की लोक डोळे पुसू लागले.

शेवटी बुवांच्या गळ्यात हार पडला. कुणीतरी म्हणालं, “बुवा, आज लिंबाजीनं सांभाळून घेतलं हो!”

“छे! त्यानं री ओढली. कीर्तन माझंच,” बुवा म्हणाले.

एवढ्यात लिंबाजीच्या घरून बोलावणं आलं. बुवा हारासकट गेले. लिंबाजीला खाली घोंगडीवर निजवलं होतं. त्याची बायको भागाबाई म्हणाली, “दिवेलागणीलाच गेले, बुवा. तुमचं कीर्तन उभं राहायच्या आधी. ‘देवा, बुवांचा घसा बसलाय, आज पद कोण उचलंल?’ एवढंच शेवटचं बोलले.”

बुवांनी विचारलं, “मग मागं कोण गायलं?”

महाराजांचे डोळे भरून आले होते. महाराज म्हणाले, “ज्याला त्याने साकडं घातलं, तो. पण बुवा, देवानेसुद्धा स्वतःचा आवाज लावला नाही हो. लिंबाजीचाच लावला. त्याचं श्रेय त्यालाच ठेवलं. आणि आपण?”

बुवांना हुंदका आवरेना. हार काढून त्यांनी लिंबाजीच्या पायांवर ठेवला आणि तिथंच डोकं टेकलं. “एकदा तरी मागं वळून बघायला हवं होतं रे, लिंबाजी!” ते ऐकायला लिंबाजी आता नव्हता.

नदीवर नेताना लोक म्हणाले, “बुवा, पुढं व्हा.” बुवांनी नकारार्थी मान हलवली. पद महाराजांनी म्हटलं. सगळ्यांच्या मागून, फाटक्या आवाजात, बुवा री ओढत चालले.