न मोडलेली भाकरी

फार जुनी गोष्ट आहे मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. सांगताना मला अजून राग येतो.

समुद्राकाठी मिठागरांचं एक गाव होतं. तिथली माणसं ख्रिस्ताला मानणारी. रविवारी प्रार्थनेनंतर प्रत्येकाला एक भाकरी मिळे. ज्याच्या हातून मोठी चूक झाली, तो मात्र चर्चच्या दाराशी रिकाम्या हाताने उभा राही. ज्यांचं नुकसान झालं, त्यांच्यापैकी एकाने जरी आपली भाकरी मोडून त्याला अर्धी दिली, तरी चूक माफ. तीन रविवार कुणीच दिली नाही, तर गाव सोडायचं.

एकदा बांधाचा राखणदार भरदुपारी झोपला. भरतीचं पाणी आत शिरलं आणि साऱ्या गावाचं मीठ विरघळलं.

पहिल्याच रविवारी एका म्हातारीने त्याच्यासाठी भाकरी मोडली. तिची तर वर्षाची मेहनत पाण्यात गेली होती. "देवाने मला किती वेळा माफ केलंय, ते माझं मला ठाऊक. घे, खा," ती म्हणाली. राखणदार ढसाढसा रडला.

पुढच्या वर्षी एका गाडीवानाचा बैल उधळला आणि राखणदाराच्या मिठाची रास तुडवून गेला. एवढंच झालं!

गाडीवान चर्चच्या दाराशी उभा राहिला. नुकसान एकट्या राखणदाराचं, म्हणून भाकरी मोडायची ती त्यानेच. कडेवर तापाने फणफणलेली लेक. "दादा, पोर बरी होईतो तरी राहू द्या."

आणि राखणदाराने काय करावं? त्याच्या डोळ्यांदेखत अख्खी भाकरी खाल्ली. एकदा नाही, तीन रविवार! वर म्हणतो कसा, "नियम म्हणजे नियम."

भर उन्हात गाडीवान लेकीला घेऊन निघून गेला.

म्हातारी राखणदारावर कडाडली, "माझी अर्धी भाकरी परत कर!"

"ती मी तेव्हाच खाल्ली. आता कुठून आणू?"

"परत देता येत नाही, म्हणूनच ती पुढे द्यायची होती, मेल्या!"

तेव्हा कुठे त्याला लाज वाटली. चौथ्या रविवारी त्याने भाकरी मोडली आणि अर्धी घेऊन तो गाडीवानाच्या शोधात निघाला. चार दिवसांनी गाडीवान सापडला. रस्त्याकडेला एका झाडाखाली तो बसला होता. शेजारी ताज्या मातीचा लहानसा उंचवटा होता आणि त्यावर दोन काटक्यांचा क्रूस.

राखणदाराने वाळलेली भाकरी पुढे केली. गाडीवानाने ती घेतली. मग तिचे दोन तुकडे केले आणि एक राखणदाराच्या हातावर ठेवला.

तो तुकडा त्याला जन्मभर गिळता आला नाही.

बोध: देवाची दया ज्याला मिळाली, त्याने ती दुसऱ्याला द्यायला उशीर करू नये.